कलाक्षेत्रात उतरणाऱ्या पदवीधरांसाठी उद्योजकता प्रशिक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपयोजित कला, चित्रकला, शिल्पकला, नाट्य, संगीत, नृत्य, चित्रपट, छायाचित्रण, वस्त्रकला यांपैकी कोणत्याही विषयाची पदवी घेऊन महाराष्ट्रात स्वतःचे काम उभे करू पाहणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. कर आणि कर्जविषयक मर्यादा वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्ज करताना त्या एकदा पडताळून घ्याव्यात.

मला उद्योजक व्हायचे नाही, फक्त माझी कला करायची आहे. मग हे प्रशिक्षण मला कशासाठी?

या क्षेत्रात कायम पगाराच्या नोकऱ्या थोड्या आहेत. संकलक, वेशभूषाकार, मुखपृष्ठकार, ध्वनिमुद्रक, नेपथ्यकार, साथीचा तबलावादक हे बहुतेक सगळे कामागणिक पैसे घेतात. म्हणजे बिल करणे, दर ठरवणे, तारखा सांभाळणे, कर भरणे आणि पुढचे काम शोधणे हा सगळा व्यवसायच ते करत असतात, मग स्वतःला उद्योजक म्हणोत वा न म्हणोत. हे सारे ठेचा खात शिकण्यापेक्षा पहिल्या वर्षीच नीट शिकून घेतले, तर कलेसाठी अधिक वेळ उरतो. कंपनी काढणे, कार्यालय घेणे, माणसे नेमणे हा या प्रशिक्षणाचा एक भाग असू शकतो. तो अनिवार्य नाही.

चांगल्या प्रशिक्षणात काय शिकवले जावे?

बहुतेक ठिकाणी अभ्यासक्रमाची सुरुवात नवकल्पना, गुंतवणूकदार आणि सादरीकरण यांपासून होते. तंत्रज्ञान क्षेत्रासाठी हा क्रम योग्य असेल; कलाक्षेत्रासाठी तो उलटा आहे असे माझे स्पष्ट मत आहे. मुखपृष्ठे करणाऱ्या चित्रकाराला किंवा पाच जणांच्या नाट्यसंस्थेला पहिली पाच वर्षे गुंतवणूकदार भेटणारच नाही, आणि त्याची गरजही नसते. त्यांना पहिल्या महिन्यापासून ज्या तीन गोष्टी लागतात त्या म्हणजे किंमत ठरवणे, लेखी करार करणे, आणि पैसा केव्हा येणार व केव्हा जाणार याचे कोष्टक मांडणे. या तीन गोष्टी पक्क्या झाल्यानंतर नोंदणी, कर, कर्ज, प्रसिद्धी हे विषय घ्यावेत. प्रवेश घेण्यापूर्वी वेळापत्रक मागून पाहावे आणि या तिन्हींना मिळून निम्म्याहून कमी तास दिले असतील, तर त्याचे कारण विचारावे.

माझ्या कामाची किंमत मी कशी ठरवू?

‘बाजारात काय दर चालू आहे’ या प्रश्नापासून सुरुवात करू नये. आधी स्वतःचा दिवस आपल्याला केवढ्याला पडतो ते काढावे. समजा, पुण्यात राहणाऱ्या एका चित्रकर्तीचा भाडे, जेवण, प्रवास धरून घरखर्च महिन्याला ३०,००० रुपये आहे. सॉफ्टवेअर, इंटरनेट, कागद-रंग यांचे ६,००० रुपये होतात, आणि चार वर्षांनी बदलाव्या लागणाऱ्या संगणकासाठी व इतर साधनांसाठी ती दरमहा ४,००० रुपये बाजूला टाकते. एकूण ४०,००० रुपये झाले. महिन्यात कामाचे दिवस २२ असले, तरी गाठीभेटी, नमुने पाठवणे, हिशेब, पैशांची आठवण करून देणे यांत दहा दिवस जातात. पैसे मिळवून देणारे दिवस उरतात १२. म्हणजे तिचा एक दिवस तिला सुमारे ३,३३३ रुपयांना पडतो.

मुखपृष्ठाला वाचन आणि कच्ची रेखाटने धरून तीन दिवस आणि दुरुस्त्यांना एक दिवस लागत असेल, तर १३,३०० रुपयांच्या आसपास तिचा केवळ खर्च निघतो. यात आजारपणासाठी शिल्लक नाही आणि नफाही नाही. ती हेच मुखपृष्ठ ५,००० रुपयांना करून देत असेल, तर उरलेले पैसे बहुधा तिचे आईवडील भरत असतात, आणि हे ना प्रकाशकाला दिसते ना तिला.

हा आकडा ग्राहकाला सांगायचा नसतो. तो आपल्यासाठी असतो. त्याच्या खाली काम घेऊच नये असेही नाही. आवडीच्या कवितासंग्रहासाठी, चांगल्या दिग्दर्शकाबरोबर शिकण्यासाठी कमी पैशांत काम करण्याचा निर्णय कलावंत घेतात आणि घ्यावेत. मात्र आपण त्या कामात किती रुपये आपल्या पदरचे घालतो आहोत हे ठाऊक असताना तो निर्णय घेतलेला बरा.

कामाच्या वापरावरही किंमत ठरते. एकाच छायाचित्राचा एखाद्या दिवाळी अंकातला वापर आणि एखाद्या साबणाच्या देशभरातील जाहिरातीतला वापर यांचा मोबदला सारखा असू शकत नाही. म्हणून दर सांगण्यापूर्वी ‘कुठे, किती काळ, कोणत्या माध्यमात’ हे तीन प्रश्न विचारण्याची सवय प्रशिक्षणात लावली गेली पाहिजे.

आम्ही नाटक करतो. आमचा हिशेब वेगळा असतो का?

नाटकात खर्चाचे दोन स्वतंत्र डोंगर असतात आणि नवखे निर्माते त्यांची सरमिसळ करतात. नेपथ्य, कपडे, संगीत, तालमीच्या जागेचे भाडे, पहिल्या जाहिराती हा एकदाच होणारा निर्मितीखर्च. नाट्यगृहाचे भाडे, कलाकारांच्या नाईट (प्रत्येक प्रयोगामागचे मानधन), प्रकाशयोजना आणि ध्वनीची सामग्री, टेम्पो, चहा-जेवण, वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात हा प्रत्येक प्रयोगाचा खर्च.

उदाहरणादाखल, निर्मितीला ३ लाख रुपये लागले, प्रत्येक प्रयोगाला ७०,००० रुपये खर्च येतो आणि तिकीटविक्री सरासरी ८५,००० रुपयांची होते असे धरू. प्रयोगामागे १५,००० रुपये उरतात, म्हणजे निर्मितीखर्च फिटायला २० प्रयोग हवेत. आता तिकीटविक्रीची सरासरी केवळ १२,००० रुपयांनी घसरली, तर प्रयोगामागे ३,००० रुपयेच उरतात आणि तोच खर्च फिटायला १०० प्रयोग लागतात. सभागृह बाहेरून तितकेच भरलेले दिसते, पण संस्था मात्र बुडत असते. तालीम सुरू होण्यापूर्वी हे गणित मांडले असते, तर नेपथ्याचा आकार, पात्रांची संख्या आणि तिकिटाचा दर या तिन्ही गोष्टींवर वेगळा विचार झाला असता. सुपारीचा, म्हणजे एखाद्या संस्थेने ठरीव रकमेला विकत घेतलेला, प्रयोग मिळाला तर ठरलेली रक्कम हातात येते, म्हणून अशा प्रयोगांचा हिशेब तिकीटविक्रीच्या प्रयोगांपासून वेगळा ठेवावा. एरवी सरासरी फसवी निघते.

नाटकाच्या ज्या तिकिटाची किंमत ५०० रुपयांपर्यंत आहे, त्याच्या प्रवेशशुल्कावर वस्तू व सेवा कर लागत नाही, हेही दर ठरवताना लक्षात घ्यावे.

काम भरपूर असूनही हातात पैसा का नसतो?

कारण आपल्याकडे कलेचा बराचसा पैसा हंगामी आहे. दिवाळी अंकांची चित्रे पावसाळ्यात काढली जातात आणि त्यांचे पैसे पुष्कळदा दिवाळीनंतर मिळतात. पेणच्या गणेशमूर्ती कारखान्यांत जवळजवळ वर्षभर काम चालते. माती, रंग, मजुरी यांवर आधी पैसा घालावा लागतो आणि मोठी विक्री गणपतीच्या आधीच्या थोड्या आठवड्यांत होते. वर्षाचा एकूण नफा चांगला दिसत असूनही मार्च-एप्रिलमध्ये मजुरी द्यायला पैसे नाहीत, ही अवस्था नफ्याच्या हिशेबात दिसत नाही. त्यासाठी बारा महिन्यांचे बारा रकाने आखून प्रत्येकात येणारी आणि जाणारी रक्कम लिहावी. कुठल्या महिन्यात खड्डा पडतो ते सहा महिने आधी कळले, की आगाऊ रक्कम मागता येते, छोटी शिकवणी लावता येते किंवा बँकेशी खेळत्या भांडवलाबद्दल वेळेवर बोलता येते.

तोंडी ठरलेल्या कामाला करार लागतोच का? ओळखीच्या माणसाकडे कागद मागणे बरे दिसत नाही.

हा संकोच खरा आहे आणि आपल्या क्षेत्रातले सर्वांत जास्त नुकसान त्यानेच होते. यासाठी १९५७ च्या स्वामित्वहक्क (कॉपीराइट) कायद्यातल्या काही तरतुदी प्रत्येक कलावंताला पाठ असाव्यात.

पहिली, हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीचे असावे लागते. कोणते हक्क, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि कोणत्या मोबदल्यात, हे त्यात लिहिलेले असावे. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे मानली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. दुसरी, नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, नोकरी देणारी संस्था असते. तिसरी बाब अनेकांना धक्का देते : कोणी मोबदला देऊन छायाचित्र, रंगचित्र, व्यक्तिचित्र किंवा चित्रपट करून घेतला आणि वेगळे काही ठरलेले नसेल, तर हक्काचा पहिला मालक काम करून घेणारा ठरतो. म्हणजे लग्नाची छायाचित्रे काढणाऱ्याने आपल्या संग्रहात ती वापरण्याची मुभा आधीच लिहून घेतली पाहिजे. चौथी, हक्क विकल्यानंतरही कृतीवर आपले नाव असण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा कर्त्याचा अधिकार कायम राहतो.

प्रत्येक कामाला वीस पानी दस्तऐवज लागत नाही. काम घेताना पुढील धर्तीचा मजकूर ई-मेलने पाठवून समोरच्याची लेखी संमती घेतली, तरी बहुतेक वाद जन्मालाच येत नाहीत :

“आपल्याशी बोलल्याप्रमाणे कादंबरीच्या मुखपृष्ठासाठी एक चित्र करून देत आहे. त्याचा वापर मराठी छापील आवृत्तीपुरता, तीन वर्षांसाठी असेल. ई-पुस्तक, अनुवाद व जाहिरातीसाठीचा वापर स्वतंत्रपणे ठरवू. ठरलेल्या रकमेत दोन वेळच्या दुरुस्त्या धरल्या आहेत. निम्मी रक्कम काम सुरू करण्यापूर्वी आणि उरलेली अंतिम फाईल पाठवण्यापूर्वी मिळावी. माझे नाव श्रेयनामावलीत छापले जाईल.”

या मजकुरात उर्मट असे काही नाही. व्यवहार जाणणारे प्रकाशक आणि निर्माते असा मजकूर आला की निश्चिंत होतात, असाच अनुभव येतो. सर्व हक्क कायमचे द्यायचे असतील, तेव्हा मात्र सहीचा करारच करावा आणि शक्यतो वकिलाला दाखवावा.

स्वामित्वहक्काची नोंदणी सक्तीची आहे का?

नाही. कृती निर्माण होताच हक्क मिळतो. नोंदणीमुळे वादाच्या वेळी पुरावा भक्कम होतो, म्हणून महत्त्वाच्या कृतींची ती करावी. साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृतींसाठी नियमांनुसार शुल्क ५०० रुपये आहे. मालावर वापरायच्या कलाकृतीसाठी २,००० रुपये.

मी गाणी लिहिते / चाली बांधतो. निर्माता ‘सगळे हक्क आमचे’ असे लिहून घेतो. त्यानंतर काहीच उरत नाही का?

उरते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटातील किंवा ध्वनिमुद्रणातील गीताच्या आणि संगीताच्या कर्त्यांना चित्रपटगृहातील प्रदर्शनाखेरीज इतर वापरांवरील रॉयल्टीत समान वाटा मिळण्याचा हक्क आहे, आणि तो निर्मात्याला लिहून देता येत नाही; दिला तरी तो करार त्या बाबतीत निरर्थक ठरतो. मात्र हे पैसे आपोआप खात्यात येत नाहीत. त्यासाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीसारख्या स्वामित्वहक्क संस्थेचे सभासद व्हावे लागते आणि आपल्या प्रत्येक गाण्याची तिच्याकडे नोंद करावी लागते. मराठी गीतकारांच्या नव्या पिढीने हे पहिल्याच गाण्यापासून करावे.

मी साड्या, दागिने किंवा मातीच्या वस्तू डिझाइन करते. माझ्या नक्षीला कायद्याचे संरक्षण कसे मिळते?

येथे एक बारीक पण महागात पडणारा फरक आहे. २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्याजोगी रचना नोंदवली नाही आणि तिच्या ५० हून अधिक प्रती औद्योगिक प्रक्रियेने काढल्या, तर त्या रचनेवरचा स्वामित्वहक्क संपतो. शिवाय डिझाइनची नोंदणी ती जगासमोर येण्यापूर्वी करावी लागते. आधी इन्स्टाग्रामवर टाकून नंतर अर्ज केला तर नवेपणाच्या अटीवर तो अडकू शकतो.

पैठणी, वारली चित्रकला, कोल्हापुरी चप्पल यांना भौगोलिक निर्देशन (जीआय), म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी जोडलेल्या मालाच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, मिळालेले आहे. ही मालमत्ता एकट्याची नसून त्या परंपरेतल्या कारागिरांची सामूहिक असते. २०२५ मध्ये एका जगप्रसिद्ध इटालियन ब्रँडने मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला मूळ उल्लेखाविना सादर केल्या आणि टीका झाल्यावर त्यामागची भारतीय प्रेरणा मान्य केली. जी अपेक्षा आपण त्या ब्रँडकडून केली, तीच शहरातल्या डिझाइन पदवीधरांनी स्वतःकडूनही करावी : वारली पाड्यावरच्या चित्रकाराबरोबर काम करताना त्याचे नाव, त्याचा मोबदला आणि पुढील विक्रीतला त्याचा वाटा करारात असला पाहिजे.

सुरुवातीला कोणत्या नोंदण्या कराव्यात?

एकट्याने काम करणाऱ्याला एकल मालकी पुरेशी असते. पॅन, व्यवसायासाठी वेगळे बँक खाते आणि शॉप अॅक्टची (दुकाने व आस्थापना कायद्याखालची) सूचना एवढ्यावर काम सुरू होते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार थोडे कामगार असलेल्या आस्थापनेला ऑनलाइन सूचना दिली की पुरते. त्याबरोबर उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सरकारकडे होणारी नोंद, अवश्य करावी. ती सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते, आधारवर होते आणि तिच्यासाठी दलालाला पैसे देण्याचे काहीही कारण नाही.

वस्तू व सेवा कराची नोंदणी सेवा देणाऱ्यांसाठी वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांवर गेल्यावर लागते. लोककला किंवा शास्त्रीय संगीत, नृत्य, नाट्य सादर करणाऱ्या कलाकाराचा मोबदला एका कार्यक्रमाला दीड लाख रुपयांपर्यंत असेल, तर त्यावर हा कर माफ आहे. ग्राहकाने बिलातून कापलेला आयकर हा गेलेला पैसा नव्हे. विवरणपत्र भरल्यावर देय करापेक्षा जास्त कापलेली रक्कम परत मिळते. कित्येक तरुण कलाकार विवरणपत्रच भरत नाहीत आणि हक्काचे हजारो रुपये सोडून देतात.

ग्राहकाने पैसे थकवले तर?

उद्यम नोंदणीचा खरा उपयोग येथे होतो. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाने दिलेल्या मालाचे किंवा सेवेचे पैसे करारात काहीही लिहिले असले तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. मुदत ठरलेलीच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते, आणि वसुलीसाठी राज्याच्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. नोंदणी कामाच्या आधीची असावी, आणि काम मिळाल्याचा व पोहोचल्याचा लेखी पुरावा हवा. प्रत्यक्षात पुष्कळदा या तरतुदीचा उल्लेख असलेले सभ्य स्मरणपत्रच पुरेसे ठरते.

आम्ही चौघे मित्र मिळून स्टुडिओ काढतो आहोत. भागीदारीपत्र आत्ताच करावे का?

होय, मैत्री उत्तम असतानाच करावे. दादासाहेब फाळके यांनी लोणावळ्याला छपाईचा व्यवसाय भागीदारीत उभा केला आणि मतभेदांमुळे सोडला. पुढे १९१८ मध्ये नाशिकला भागीदारांसह चित्रपट कंपनी काढली आणि तिच्यातूनही ते लवकरच बाहेर पडले. १९२९ साली कोल्हापुरात दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि कुलकर्णी या पाच जणांनी ‘प्रभात’ची स्थापना केली. प्रत्येकाचे कौशल्य वेगळे होते, आणि १९३३ मध्ये पुण्याला गेलेल्या त्या कंपनीने भारतीय चित्रपटात मानदंड निर्माण केला. तरीही १९४२ मध्ये शांताराम वेगळे झालेच. माणसे थोर असली तरी वाटा वेगळ्या होतात. म्हणून कोणाची किती रक्कम, कोणाचा किती वेळ, निर्णय कसा होणार, बाहेर पडणाऱ्याला काय मिळणार आणि स्टुडिओचे नाव व आधीच्या कामांचे हक्क कोणाकडे राहणार, हे लिहून ठेवावे. भागीदारी संस्थेची नोंदणीही करावी, कारण नोंदणी नसलेल्या संस्थेला करारातल्या हक्कासाठी बाहेरच्या व्यक्तीवर दावा लावता येत नाही.

भांडवल कोठून आणावे?

आधी आगाऊ रकमेतून, मग बचतीतून, आणि त्यानंतर कर्जातून. मुद्रा योजनेत तारणाशिवाय कर्ज मिळते : शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत, तरुण गटात १० लाखांपर्यंत. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादनासाठी ५० लाख आणि सेवेसाठी २० लाख रुपयांपर्यंतचा प्रकल्प बसतो आणि अर्जदाराच्या सामाजिक प्रवर्गानुसार व ठिकाणानुसार १५ ते ३५ टक्के अनुदान मिळते. राज्याचाही मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे. या योजनांसाठी जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करावी. कॅमेरा, शिलाई यंत्रे, भट्टी, ध्वनिमुद्रणाची सामग्री अशा उत्पन्न देणाऱ्या साधनांसाठी कर्ज घ्यावे. पहिल्या नाटकाच्या निर्मितीसाठी ते घेऊ नये असे मी आग्रहाने सांगतो.

पैसे देणाऱ्याला काय दाखवायचे याचा धडाही फाळक्यांनीच घालून दिला आहे. विमा पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२ मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा खरेदी करून आले, पण पूर्ण चित्रपटासाठी पैसा नव्हता. तेव्हा त्यांनी वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचे दिवसेंदिवस चित्रण करून एक छोटी फिल्म तयार केली आणि ती पाहूनच त्यांना अर्थसाहाय्य मिळाले. चाळीस पानी प्रकल्प अहवालापेक्षा स्वतः केलेली तीन मिनिटांची फीत, एक विणलेला नमुना किंवा एका प्रवेशाचे वाचन अधिक बोलते, हे आजही तितकेच खरे आहे.

असे प्रशिक्षण कोठे मिळते?

महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ पासून राज्यभर कार्यक्रम घेते. त्याचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. ग्रामीण भागात बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत आणि तेथील प्रशिक्षण विनामूल्य असते. हे कार्यक्रम सर्व उद्योगांसाठी असल्याने हिशेब, कर्ज आणि प्रकल्प अहवाल तेथे चांगले समजतात. स्वामित्वहक्क आणि कामाच्या वापरावर आधारित दर मात्र वेगळे शिकावे लागतात. ते ज्येष्ठ सहकलाकार, निर्मिती-व्यवस्थापक किंवा कलाक्षेत्रातली कामे पाहणारा वकील यांच्याकडून शिकावेत. खासगी वर्गाला मोठी फी भरण्यापूर्वी शिकवणाऱ्याने स्वतः कधी कलाकृतीचे बिल केले आहे का, आणि आधीच्या तुकडीतल्या दोघांशी बोलता येईल का, हे विचारावे.

प्रशिक्षणाला येताना काय आणावे?

आतापर्यंत केलेल्या कामांची यादी आणावी. प्रत्येक कामापुढे ठरलेली रक्कम, मिळालेली रक्कम, मिळाल्याची तारीख आणि लागलेले दिवस लिहावेत. फुकट केलेली कामेही त्यात असावीत. सही केलेले करार, ते एकतर्फी असले तरी, सोबत असावेत, कारण वर्गातला सर्वांत उपयोगी तास तेच कागद ओळीने वाचण्यात जातो. बँकेचे गेल्या वर्षभराचे विवरण आणि पुढील सहा महिन्यांत हाती असलेल्या कामांच्या तारखा आणल्या, तर बारा रकान्यांचे कोष्टक पहिल्याच दिवशी स्वतःच्या खऱ्या आकड्यांनी भरता येते.